गोरा बाप, चिनी मुलगा : अभिनेते की ल्यूक यांच्या कारकिर्दीचा प्रकरण अभ्यास

१९३० च्या दशकात हॉलिवूडच्या चित्रपटात चिनी कुटुंब दाखवायचे असले, तर त्याची मांडणी बहुधा ठरलेली असे. घरातला कर्ता पुरुष म्हणजे चिनी वेषातला गोरा नट, आणि मुले, नोकर, शेजारी व रस्त्यावरची गर्दी मात्र खरोखर चिनी. की ल्यूक या अभिनेत्याची सारी उमेदीची वर्षे या मांडणीच्या आत गेली. ते १९३४ साली प्रथम पडद्यावर आले आणि त्यांचे शेवटचे चित्रपट १९९० मध्ये प्रदर्शित झाले. एवढ्या प्रदीर्घ काळात त्या काळच्या हॉलिवूडने त्यांना नायक केले ते एका रहस्यपटात, आणि तेही त्या भूमिकेतला गोरा नट मालिका सोडून गेल्यानंतर.

अभ्यासासाठी त्यांची निवड करण्याचे कारण असे की त्यांना काम मिळत राहिले. चिनी-अमेरिकन अभिनेत्री ॲना मे वाँग यांना नाकारल्या गेलेल्या भूमिकांची कथा आता पुष्कळ ठिकाणी सांगितली जाते आणि ती सांगितली जायलाच हवी. परंतु ज्याला दार पूर्ण बंद झाले नाही, ज्याला आत घेऊन एका विशिष्ट जागी बसवले गेले, अशा नटाच्या वाटचालीवरून त्या घराची रचना अधिक नेमकी कळते. ल्यूक कुठवर पोहोचू शकले, कोणत्या भूमिकेपाशी त्यांना थांबवले गेले आणि थांबवले गेल्यावर त्यांनी मिळालेल्या जागेचे काय केले, हे तिन्ही प्रश्न त्यांच्या १९३४ ते १९४९ या काळातील कामावरून तपासता येतात.

कुंचल्याकडून कॅमेऱ्याकडे

ल्यूक यांचा जन्म १८ जून १९०४ रोजी चीनमधील ग्वांगझू येथे झाला. पाश्चात्त्य जगात तेव्हा हे शहर कँटन म्हणून ओळखले जाई. वडिलांचे कलावस्तूंचे दुकान होते, आणि ल्यूक लहानाचे मोठे झाले ते अमेरिकेच्या वायव्य किनाऱ्यावरील सिॲटलमध्ये. तेथील फ्रँकलिन हायस्कूलमध्ये शिकत असतानाच ते शाळेच्या प्रकाशनांसाठी व्यंगचित्रे आणि रेखाटने करीत. पुढे व्यावसायिक चित्रकार म्हणून त्यांनी फॉक्स वेस्ट कोस्ट या चित्रपटगृहांच्या साखळीसाठी आणि आरकेओ स्टुडिओसाठी जाहिरातींचे काम केले. १९३३ च्या ‘किंग काँग’ या चित्रपटाच्या प्रसिद्धी-पुस्तिकेतील चित्रांत त्यांचा हात होता, आणि हॉलिवूडमधल्या ग्रॉमन्स चायनीज थिएटर या विख्यात चित्रपटगृहाच्या सजावटीतही त्यांची भित्तिचित्रे होती. चिनी पार्श्वभूमीच्या चित्रपटांना तांत्रिक सल्ला देण्याचे कामही त्यांच्याकडे येई. म्हणजे कॅमेऱ्यासमोर उभे राहण्यापूर्वीच हा माणूस चित्रपटधंद्याच्या आतला होता. स्टुडिओंना चीन कसा दिसायला हवा असतो, हे त्याने आपल्या हाताने रंगवलेले होते.

त्या वेळची कायद्याची स्थिती येथे नोंदवणे आवश्यक आहे, कारण ती पुढच्या प्रत्येक घटनेमागे उभी आहे. १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना अमेरिकेत येण्यास बंदी घातली होती. व्यापारी आणि विद्यार्थी अशा मोजक्या वर्गांना तेवढी सवलत होती, आणि चीनमध्ये जन्मलेल्या चिनी माणसाला तेथे कितीही वर्षे राहूनही अर्ज करून नागरिक होता येत नसे. १९३० च्या जनगणनेनुसार साऱ्या देशात चिनी लोकांची संख्या सुमारे ७५ हजार होती आणि त्यांतील बहुतेक जण मोजक्या शहरांत एकवटलेले होते. असंख्य अमेरिकन प्रेक्षकांचा चिनी माणसाशी परिचय होत असे तो पडद्यावरच. तेथे तो स्वयंपाकी, धोबी, अफूच्या अड्ड्याचा मालक किंवा कपटी खलनायक असे. ग्वांगझूमध्येच जन्मलेले विली फंग हे गुणी विनोदी नट वर्षानुवर्षे स्वयंपाकी आणि नोकर यांच्याच भूमिका करीत राहिले, यावरून रूढ चौकट किती घट्ट होती हे समजते.

१९३४ मध्ये ग्रेटा गार्बो यांच्या ‘द पेंटेड व्हेल’ या चित्रपटात ल्यूक यांना पहिली छोटी भूमिका मिळाली. याच चित्रपटात एका चिनी सेनानीच्या भूमिकेत वॉर्नर ओलँड नावाचे स्वीडिश वंशाचे नट होते. पुढच्याच वर्षी हे दोघे बाप-लेक म्हणून पडद्यावर आले.

चार्ली चॅनच्या भूमिकेचा प्रवास

होनोलुलूच्या पोलीस दलातील चिनी गुप्तहेर चार्ली चॅन हे पात्र अर्ल डेर बिगर्स यांच्या १९२५ च्या कादंबरीतून आले. होनोलुलूत चँग अपाना नावाचे एक खरे चिनी पोलीस अधिकारी होते, त्यांच्यावरून ते बेतले असल्याचे मानले जाते. हे पात्र पडद्यावर कोणी साकारले याचा क्रम पाहण्यासारखा आहे. १९२६ मध्ये जॉर्ज कुवा आणि १९२७ मध्ये कामियामा सोजिन या दोन जपानी नटांनी ते केले, तर १९२९ मध्ये ई. एल. पार्क या आशियाई वंशाच्या नटाने. या तिन्ही चित्रपटांत चॅनचे काम दुय्यम होते. १९३१ मध्ये फॉक्स स्टुडिओने चॅनला कथेच्या केंद्रस्थानी आणले आणि त्याच क्षणी ही भूमिका ओलँड यांच्याकडे गेली. भूमिका छोटी होती तोवर ती आशियाई नटाला चालत होती. ती मोठी होताच गोऱ्या नटाची झाली. वर्णाधारित पात्रवाटपाचा नियम कोणी कागदावर लिहून ठेवला असता, तरी तो याहून स्पष्ट झाला नसता.

ओलँड हे सामान्य नट नव्हते, हेही प्रांजळपणे सांगायला हवे. १८७९ साली स्वीडनमध्ये जन्मलेल्या या माणसाने १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’मध्ये ज्यू धर्मगायक पित्याची भूमिका केली होती आणि १९२९ मध्ये फू मांचू हा क्रूर चिनी खलनायक रंगवला होता. चॅन म्हणून ते फारशी रंगभूषाही करीत नसत. मिशा, भुवया, मंद चाल आणि थांबून थांबून उच्चारलेली तुटक इंग्रजी वाक्ये एवढ्या सामग्रीवर त्यांनी एक सौम्य, बुद्धिमान, विनम्र आणि कोणापुढेही न वाकणारा माणूस उभा केला. शांघायमध्येही हे चित्रपट आवडीने पाहिले गेले, ओलँड १९३६ मध्ये चीनला गेले तेव्हा त्यांचे उत्साहाने स्वागत झाले, आणि तेथील निर्मात्यांनी नंतर स्वतःचे चिनी भाषेतले चॅनपटही काढले. फू मांचूच्या सावलीत वाढलेल्या प्रेक्षकांना चिनी माणूस कायद्याच्या बाजूने उभा दाखवणे, ही त्या काळात लहान गोष्ट नव्हती.

१९३५ च्या ‘चार्ली चॅन इन पॅरिस’मध्ये चॅनचा थोरला मुलगा ली प्रथमच आला, आणि त्या भूमिकेसाठी ल्यूक यांची निवड झाली. १९३८ पर्यंत त्यांनी ओलँड यांच्यासोबत असे आठ चित्रपट केले : पॅरिस, शांघाय, सर्कस, घोड्यांच्या शर्यतीचे मैदान, ऑपेरा, ऑलिंपिक, ब्रॉडवे आणि माँटे कार्लो. दर वेळी नवे ठिकाण आणि नवा खून, पण बाप-लेकाची जोडी तीच. फॉक्ससाठी ही मालिका भरवशाची मिळकत होती, आणि ली आल्यापासून तिच्यात एक नवी उब आली.

लीचे काम लेखनात साधे होते. तो उतावळा आहे, चुकीच्या माणसावर संशय घेतो, बंद खोल्यांत घुसतो, अडकतो, आणि वडिलांचे एखादे सुभाषितवजा वाक्य ऐकून ओशाळतो. कथानकाच्या दृष्टीने तो विनोदासाठी आणि गुप्तहेराला बोलायला कोणीतरी हवे म्हणून आहे. परंतु ल्यूक यांनी हे पात्र ज्या बोलीत आणि ज्या अंगलटीने केले, त्यामुळे पडद्यावर त्यापूर्वी क्वचितच दिसलेले काहीतरी घडले. ली झपाट्याने बोलतो, त्याचे इंग्रजी अमेरिकन महाविद्यालयातल्या कोणत्याही पोराचे आहे, तो वडिलांना ‘पॉप’ म्हणतो, नीटस सूट घालतो, मुलींकडे पाहून पाघळतो आणि घाबरला तरी मागे हटत नाही. बापाचे तुटक इंग्रजी आणि मुलाचे अस्खलित इंग्रजी एकाच चौकटीत ऐकू येत असल्यामुळे प्रेक्षकाला एक गोष्ट कोणीही न समजावता कळत होती : तुटक बोलणे हे रक्तातून येत नाही, ते स्थलांतरितांच्या पहिल्या पिढीचे असते आणि दुसऱ्या पिढीत नाहीसे होते. माझ्या मते ल्यूक यांच्या कारकिर्दीतील हे सर्वांत मोलाचे काम आहे, आणि ते त्यांनी विनोदी दुय्यम पात्राच्या तुटपुंज्या जागेत केले.

याच जोडीची दुसरी बाजू अधिक अवघड आहे. पडद्यावर खरा चिनी मुलगा शेजारी उभा असला की गोऱ्या नटाचे चिनीपण अधिक विश्वसनीय होते. ल्यूक यांच्या उपस्थितीमुळे ओलँड यांच्या चॅनला जणू जामीन मिळत होता. मुलगा बापाला ‘पॉप’ म्हणतो आहे, तेव्हा बाप चिनी असलाच पाहिजे, असा निर्वाळा प्रत्येक प्रसंगातून दिला जात होता. स्टुडिओने हे जाणूनबुजून ठरवले असो वा नसो, परिणाम तोच होता. ल्यूक यांचा चांगला अभिनय त्यांच्या स्वतःच्या वाटेतला अडसर अधिक भक्कम करीत होता. कारण ही मांडणी जितकी यशस्वी ठरली, तितके चॅनच्या भूमिकेसाठी चिनी नट शोधण्याचे कारण उरले नाही. ओलँड यांच्याविषयी ल्यूक यांच्या मनात अखेरपर्यंत आदर होता, आणि सहकारी म्हणून त्यांनी त्यांची नेहमी स्तुतीच केली. या आपुलकीत खोटे काही नव्हते, आणि म्हणूनच या व्यवस्थेचा न्याय दोन माणसांच्या परस्परांशी असलेल्या वागणुकीवरून करता येत नाही.

या मालिकेतील ‘चार्ली चॅन ॲट द ऑलिंपिक्स’ (१९३७) हा चित्रपट येथे स्वतंत्र लक्ष देण्याजोगा आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकची प्रत्यक्ष दृश्ये त्यात गुंफली आहेत, आणि ली त्यात अमेरिकेच्या जलतरण संघातून शंभर मीटरची शर्यत पोहून जिंकतो. वंशशुद्धीचा डिंडिम वाजवणाऱ्या राजवटीच्या राजधानीत अमेरिकेच्या वतीने एक चिनी तरुण पहिला येतो, असे हे दृश्य आहे, आणि ते त्या काळच्या प्रेक्षकांनी आनंदाने स्वीकारले. ज्या नटाने ती शर्यत जिंकली, तो स्वतः चीनमध्ये जन्मलेला असल्यामुळे त्या वर्षी कायद्याने अमेरिकेचा नागरिक होऊ शकत नव्हता. कथेत ज्या देशाचा झेंडा त्याच्यासाठी उंचावला गेला, त्या देशात त्याला मत देण्याचा अधिकार नव्हता.

एका कुटुंबातून दुसऱ्या कुटुंबात

त्याच १९३७ मध्ये एमजीएम स्टुडिओचा ‘द गुड अर्थ’ प्रदर्शित झाला. चिनी शेतकऱ्याच्या आयुष्यावरील या भव्य चित्रपटात शेतकरी वँग लुंग झाले पॉल म्युनी आणि त्याची पत्नी ओ-लान झाल्या लुइझ रायनर. त्या भूमिकेसाठी रायनर यांना ऑस्कर मिळाले. दुसऱ्या स्त्रीची, लोटसची, भूमिका ऑस्ट्रियन नर्तकी टिली लॉश यांनी केली. लोटसची ही भूमिका आधी ॲना मे वाँग यांना देऊ केली होती आणि त्यांनी ती नाकारली : संपूर्ण चित्रपटात एकमेव वाईट स्त्री तेवढी चिनी अभिनेत्रीने करावी, हे त्यांना मान्य झाले नाही. म्युनी नायक ठरल्यानंतर ओ-लानची भूमिका चिनी अभिनेत्रीला मिळणे तसेही अशक्यप्राय होते, कारण दोन वर्णांच्या नटांना पडद्यावर पती-पत्नी म्हणून दाखवणे स्टुडिओ टाळत असत.

ल्यूक यांना या चित्रपटात वँग लुंगचा थोरला मुलगा मिळाला. स्टुडिओ बदलला, विषय बदलला, रहस्यपटाच्या जागी गंभीर साहित्यकृती आली, तरी कुटुंबाची मांडणी तशीच राहिली : आईबाप गोरे, मुले चिनी. प्रेमाच्या बाबतीतही हीच रेघ होती. ‘चार्ली चॅन ॲट द सर्कस’मध्ये लीचे मन जडते ते सर्कशीतल्या आशियाई कसरतपटू तरुणीवर. मुलगा असला की विवाह, संपत्ती, सत्ता आणि वार्धक्य यांपैकी कशाचाही पूर्ण आलेख पटकथेला द्यावा लागत नाही. मुलगा सुंदर, चपळ आणि हुशार असू शकतो, त्याला फक्त मोठे होता येत नाही. ल्यूक तेव्हा ३३ वर्षांचे होते.

१९३८ च्या जानेवारीत ‘चार्ली चॅन ॲट द रिंगसाइड’चे चित्रीकरण चालू असताना ओलँड अचानक सेटवरून निघून गेले आणि परतले नाहीत. प्रकृती, मद्यपान आणि कौटुंबिक कलह यांनी ते खचले होते. स्टुडिओने चित्रित झालेला भाग वाया जाऊ नये म्हणून कथा फिरवली, चॅनच्या जागी पीटर लॉरे यांचा जपानी गुप्तहेर मोटो आणला आणि ‘मिस्टर मोटोज गँबल’ या नावाने चित्रपट पूर्ण केला. ल्यूक त्यात लीच राहिले; मोटोच्या गुन्हेशास्त्राच्या वर्गातला विद्यार्थी अशी त्याची सोय लावण्यात आली. बाप नाहीसा झाला, तर मुलाला दुसऱ्या गोऱ्या नटाच्या हाताखाली नेमले गेले. ऑगस्ट १९३८ मध्ये ओलँड यांचे स्वीडनमध्ये निधन झाले.

चॅनची भूमिका रिकामी झाली तेव्हा स्टुडिओपुढे प्रश्न होता. आठ चित्रपट केलेला, प्रेक्षकांच्या ओळखीचा झालेला ली होता. त्याला पुढे आणून मुलाने बापाचा वारसा चालवला असे दाखवणे कथेला सहज पेलले असते. फॉक्सने सिडनी टोलर या गोऱ्या नटाला नवा चॅन केले. ल्यूक मालिकेतून बाहेर पडले. थोरल्या मुलाच्या जागी जिमी हा दुसरा मुलगा आला आणि ती भूमिका व्हिक्टर सेन युंग यांनी केली. पुढे ल्यूक यांचे धाकटे बंधू एडविन यांनीही १९४५ मध्ये एका चित्रपटात चॅनच्या चौथ्या मुलाचे काम केले. चॅनचे मुलगे बदलत गेले, बाप बदलत गेले, पण बाप गोरा आणि मुलगा चिनी हा नियम कोणीही बदलला नाही.

१९४० : एकदाच मिळालेली संधी

मालिका सोडल्यानंतर ल्यूक यांना युनिव्हर्सलच्या ‘द ग्रीन हॉर्नेट’ (१९४०) या भागश: दाखवल्या जाणाऱ्या चित्रमालिकेत काटोची भूमिका मिळाली, आणि लगेच तिच्या पुढच्या मालिकेतही. काटो हा नायकाचा चालक आणि सेवक. पण नायकाची अद्भुत गाडी आणि वायूची बंदूक त्यानेच घडवलेली असते. सेवकाच्या गणवेशात शास्त्रज्ञ अशी ही विचित्र रचना होती. चीनवर जपानचे आक्रमण चालू असल्यामुळे आणि अमेरिकन जनमत जपानविरोधी होत असल्यामुळे चित्रमालिकेत काटोला कोरियन म्हटले गेले. दोन तपांनंतर हीच भूमिका दूरचित्रवाणीवर ब्रूस ली यांनी केली, आणि आज काटो म्हटले की तेच आठवतात. पडद्यावरचे पहिले काटो ल्यूक होते.

नायकाची संधी आली ती मोनोग्राम या कमी खर्चात झटपट चित्रपट काढणाऱ्या स्टुडिओकडून. तेथे जेम्स ली वाँग या चिनी गुप्तहेरावर पाच रहस्यपट निघाले होते, आणि वाँग झाले होते बोरिस कार्लोफ. हेच कार्लोफ १९३६ मध्ये ‘चार्ली चॅन ॲट द ऑपेरा’त ओलँड आणि ल्यूक यांच्यासमोर होते. कार्लोफ बाजूला झाल्यावर मोनोग्रामने ‘फँटम ऑफ चायनाटाउन’ (१९४०) साठी ल्यूक यांना घेतले. पात्र तरुण करण्यात आले आणि कथा आधीच्या काळात नेण्यात आली, म्हणजे पोलीस कॅप्टन स्ट्रीट आणि वाँग यांची पहिली भेट येथे दाखवता येईल. बोलपटांच्या युगात चिनी गुप्तहेर-नायकाची भूमिका अमेरिकन स्टुडिओने चिनी नटाला दिल्याचे हे पहिले ठळक उदाहरण मानले जाते.

चित्रपट एका तासाच्या आसपासचा आहे, खर्च बेताचा आहे, संवादही सगळे चमकदार नाहीत. तरीही तो आज पाहताना ल्यूक यांच्या वावरण्यातला फरक डोळ्यांत भरतो. मंगोलियातून मिंग घराण्यातील थडग्याचे अवशेष घेऊन आलेला एक गोरा पुरातत्त्वज्ञ भाषण देत असतानाच विषबाधेने मरण पावतो, आणि वाँग तपास हाती घेतो. कार्लोफ यांचा वाँग संथ आणि अलिप्त होता. ल्यूक यांचा वाँग सरळ चालतो, नेमके बोलतो, शांत राहतो. सुभाषिते नाहीत, वाकून नमस्कार नाहीत, तुटक इंग्रजी नाही. एके ठिकाणी चीनमधून थडगे उकरून आणण्याचा विषय निघतो, तेव्हा वाँग सहज सांगून जातो की चिनी पुरातत्त्वज्ञांचे एक पथक जॉर्ज वॉशिंग्टनचे शव उकरण्याच्या कामाला लागले आहे. एका हलक्या वाक्यात तो लुटीचा प्रश्न उलटा फिरवून समोर ठेवतो. चॅनच्या कोणत्याही चित्रपटात असे वाक्य येणे मला शक्य वाटत नाही, कारण ते उच्चारायला चिनी चेहरा लागतो. गोऱ्या नटाच्या तोंडी त्याची धार गेली असती.

तपासात वाँगबरोबर काम करणारी चिनी सचिव विन लेन हिची भूमिका लोटस लाँग यांनी केली. त्यांच्यात जपानी आणि हवाईयन असा मिश्र वारसा होता. त्यामुळे ‘आशियाई भूमिका आशियाई नटांना’ एवढाच निकष लावला, तरी हा चित्रपट त्याच्या काळाच्या बराच पुढे होता. एवढे असूनही मालिका तेथेच संपली. एका चित्रपटावरून नटाच्या लोकप्रियतेची कसोटी लागत नाही. मोनोग्रामच्या बेताच्या भांडवलात, प्रसिद्धीचे पाठबळ नसताना आणि कार्लोफ यांच्या नावावर तिकिटे विकायची सवय झालेल्या चित्रपटगृहांत ही कसोटी लावली गेली, हे लक्षात घेतल्याशिवाय त्या चित्रपटाच्या यशापयशाविषयी बोलणे अन्यायाचे होईल.

याच सुमारास, १९४१ मध्ये, जोसेफ फॉन स्टर्नबर्ग यांच्या ‘द शांघाय जेस्चर’साठी ल्यूक यांनी जुगारगृहाच्या भिंतीवरचे भव्य चित्र रंगवले. त्या जुगारगृहाची चिनी मालकीण पडद्यावर ओना मन्सन या गोऱ्या अभिनेत्री झाल्या होत्या. चित्रकार आणि नट या दोन्ही नात्यांनी ल्यूक यांच्याकडून हॉलिवूडला जे हवे होते, ते येथे एकाच चौकटीत दिसते : मागची भिंत चिनी हाताची, पुढची मध्यवर्ती भूमिका दुसऱ्याची.

युद्ध, डॉक्टर आणि नागरिकत्व

अमेरिका युद्धात उतरल्यावर चीन हा मित्रदेश झाला आणि स्टुडिओंना एकाएकी दोन प्रकारचे आशियाई चेहरे हवे झाले. १९४२ पासून पश्चिम किनाऱ्यावरच्या जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबण्यात आले, आणि पडद्यावरचे जपानी अधिकारी व छळ करणारे सैनिक रंगवण्याचे काम चिनी व कोरियन नटांवर आले. रिचर्ड लू आणि फिलिप आन यांची या काळातील बरीच कारकीर्द अशा खलनायकांत गेली. ल्यूक यांच्याही वाट्याला अनेक युद्धपट आले, पण याच वर्षांत एमजीएमने त्यांना अगदी निराळी भूमिका दिली.

‘डॉ. गिलेस्पीज न्यू असिस्टंट’ (१९४२) मध्ये वृद्ध डॉक्टर गिलेस्पी यांना साहाय्यक निवडायचा असतो आणि तीन तरुण डॉक्टर स्पर्धेत उतरतात. त्यांतला एक ब्रुकलिनचा डॉ. ली वाँग हाऊ. ल्यूक यांनी ही भूमिका १९४७ पर्यंत पाच चित्रपटांत केली. हा डॉक्टर हुशार आहे, रुग्णांशी नीट बोलतो, सहकाऱ्यांची थट्टा करतो आणि त्यांच्याकडून थट्टा करून घेतो. त्याचे चिनी असणे हे कथेतील कोडे नाही आणि दोषही नाही. युद्धकाळाच्या राजकीय गरजेतून ही उदारता आली असेल, तरी पडद्यावर जे उमटले ते कायम राहिले. स्पर्धेतला दुसरा डॉक्टर झालेले व्हॅन जॉन्सन काही वर्षांतच एमजीएमचे आघाडीचे नायक झाले. गुणवत्तेतला फरक यामागे किती आणि ठरवून दिलेल्या उंचीचा किती, याचा अंदाज चित्रपट पाहणाऱ्याला सहज बांधता येतो, कारण प्रेमकथा नेहमी एकालाच मिळते.

डिसेंबर १९४३ मध्ये चिनी लोकांना रोखणारे कायदे रद्द झाले. वर्षाला फक्त १०५ चिनी व्यक्तींना प्रवेश देणारी कोट्याची अट राहिली, पण नागरिकत्वाचा मार्ग मोकळा झाला. ल्यूक १९४४ मध्ये अमेरिकेचे नागरिक झाले. बर्लिनच्या तरणतलावात त्यांनी पडद्यावर अमेरिकेसाठी शर्यत जिंकली, त्याला तेव्हा सात वर्षे झाली होती.

पुन्हा थोरला मुलगा

१९४८ मध्ये ल्यूक चॅनच्या घरी परतले. मालिका आता मोनोग्रामकडे होती आणि टोलर यांच्या निधनानंतर रोलंड विंटर्स चॅन झाले होते. ‘द फेदर्ड सर्पंट’ (१९४८) मध्ये ल्यूक आणि सेन युंग हे दोन्ही मुलगे एकत्र आले. मालिकेत असे एकदाच घडले. त्यानंतर ‘द स्काय ड्रॅगन’ (१९४९) हा त्या मालिकेचा शेवटचा चित्रपट झाला. विंटर्स यांचा जन्म नोव्हेंबर १९०४ मधला आणि ल्यूक यांचा जून १९०४ मधला. पडद्यावरचा मुलगा बापापेक्षा पाच महिन्यांनी मोठा होता. या जोडीकडे नुसता निर्मितीतला निष्काळजीपणा म्हणून पाहता येत नाही. वय, अनुभव, ओळख आणि भाषा या सर्व निकषांवर ४४ वर्षांचे ल्यूक तेव्हा चॅन होण्यास विंटर्स यांच्याइतकेच, किंबहुना अधिक पात्र होते, आणि तरीही त्यांना ‘पॉप’ म्हणत मागून धावण्याचे काम देण्यात आले.

ते त्यांनी का स्वीकारले, असा प्रश्न अनेकांच्या मनात येतो. माझ्या दृष्टीने या प्रश्नाचा रोख चुकीच्या माणसाकडे आहे. चिनी नटासाठी त्या वर्षी उपलब्ध असलेल्या भूमिकांची यादी पाहिली, तर नामांकित आणि सभ्य पात्राचे मिळकत देणारे काम नाकारण्याचा सल्ला त्यांना कोणी द्यावा असे वाटत नाही.

चॅनपट चिनी समाजाचा अपमान करतात, अशी टीका पुढच्या काळात आशियाई-अमेरिकन तरुणांनी केली, आणि ती पुष्कळ अंशी योग्य होती. ल्यूक यांना ती कधीच पटली नाही. चिनी माणूस नायक आहे, सर्वांत बुद्धिमान आहे आणि शेवटी तोच जिंकतो, मग अपमान कसला, असे ते आग्रहाने विचारीत. त्यांच्या म्हणण्यात त्या काळाचा अनुभव बोलत होता. फू मांचू आणि अफूचे अड्डे ज्याने आधी पाहिले, त्याला चॅन हा मोठा पल्ला वाटणे स्वाभाविक होते. पण टीकाकार ज्याकडे बोट दाखवीत होते, ते कथेतील चॅन कसा आहे यापेक्षा तो कोणाला साकारू दिला जात नाही याकडे होते, आणि या मुद्द्याला ल्यूक यांच्या उत्तरात उत्तर नव्हते. त्यांच्या स्वतःच्या कारकिर्दीइतका या मुद्द्याचा भक्कम पुरावा दुसरा नाही.

वडिलांची भूमिका त्यांना अखेर मिळाली ती रंगभूमीवर. १९५८ च्या डिसेंबरात ब्रॉडवेवर आलेल्या ‘फ्लॉवर ड्रम साँग’ या संगीतिकेत त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील जुन्या वळणाच्या चिनी पित्याचे, वँग ची-यांगचे, काम केले, आणि हे नाटक ६०० प्रयोग चालले. त्यानंतर १९७२ हे वर्ष त्यांच्यासाठी चमत्कारिक ठरले. त्या वर्षी सुरू झालेल्या ‘कुंग फू’ या दूरचित्रवाणी मालिकेत ते आंधळे गुरू पो झाले, आणि साऱ्या अमेरिकेला त्यांचा चेहरा नव्याने ओळखीचा झाला. नायक मात्र अर्धा चिनी असूनही ती भूमिका डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटाकडे होती. त्याच वर्षी हॅना-बार्बेरा यांच्या व्यंगपट मालिकेत चार्ली चॅनच्या पात्राला ल्यूक यांनी आवाज दिला. इंग्रजी भाषेत चॅन साकारणारे ते पहिले चिनी अभिनेते ठरले. भूमिका हाती आली तेव्हा ते ६८ वर्षांचे होते, आणि पडद्यावर चेहरा चित्रकाराने काढलेला होता.